तिकीट एक, सीमा अनेक

युरोपच्या रेल्वेपासाकडे आपल्याकडे बहुधा सहलीच्या सोयीची एक वस्तू म्हणूनच पाहिले जाते. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रिकांत तो बर्फाच्छादित शिखरांच्या चित्राशेजारी झळकत असतो आणि एका तिकिटात तेहतीस देश, एवढ्या आश्वासनावर वाचकाची उत्सुकता चाळवली जाते. हे आश्वासन खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे. या पासावर प्रवास आखायला बसलेल्या माणसाला थोड्याच वेळात कळून चुकते की, तिकीट जरी एक असले तरी त्यामागे रेल्वे अनेक आहेत, त्यांचे नियम निराळे आहेत आणि नकाशावरून पुसट झालेल्या सीमा आरक्षणाच्या खिडकीत मात्र शाबूत आहेत. प्रवासाची आखणी हा म्हणूनच केवळ हौसेचा भाग राहत नाही. परस्परांशी दोन महायुद्धे लढलेल्या राष्ट्रांनी एकत्र नांदण्याची जी खटपट चालविली आहे, ती कोठवर आली आणि कोठे अडली, हे त्या आखणीतून जितके स्पष्ट दिसते तितके ते ब्रुसेल्समधील भाषणांतूनही दिसत नाही.

हा पास आकाशातून पडलेला नाही. युरोपातील रेल्वेंनी एकमेकींशी वेळापत्रके जुळवून घेण्याच्या बैठका १८७२ पासून सुरू केल्या. १८८२ साली बर्न येथे रेल्वेच्या तांत्रिक एकवाक्यतेसाठी परिषद भरली आणि १८९० साली त्याच शहरात मालवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पहिल्या महायुद्धाने या साऱ्याची धूळधाण केली. तरीही १९२२ साली रेल्वेंची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५९ साली, युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल पास निघाला. पुढे रेल्वे संघटनेच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १९७२ साली खुद्द युरोपातील तरुणांसाठी इंटररेल पास काढण्यात आला. तो प्रारंभी एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींपुरता होता आणि एकवीस देशांत चालत असे. वयाची अट पुढे शिथिल होत गेली आणि १९९८ साली ती रद्दच झाली. शेंगेन गावी सीमातपासणी उठविण्याचा पाच देशांचा करार झाला तो १९८५ साली, आणि त्याची अंमलबजावणी १९९५ साली. म्हणजे राजकारण्यांनी सीमा उघडण्यापूर्वी कितीतरी आधी रेल्वेच्या हिशेबनिसांनी त्या आपल्या वहीत ओलांडल्या होत्या. एका देशात विकलेल्या पासाचे पैसे दुसऱ्या देशाच्या रेल्वेला प्रामाणिकपणे पोहोचतील, या विश्वासावरच हा व्यवहार उभा आहे. पासधारकाला आपला प्रत्येक प्रवास पूर्वी पासाच्या वेष्टनावरील रकान्यांत लिहावा लागे. आता तो मोबाइलवर नोंदवावा लागतो. त्या नोंदीला महत्त्व आहे ते यामुळेच.

पास कोणाला कोणता मिळतो, येथूनच आखणी सुरू होते. युरोपात वास्तव्य असलेल्यांना इंटररेल आणि बाहेरच्यांना युरेल, अशी विभागणी आहे. येथे कसोटी आहे ती वास्तव्याची; नागरिकत्वाची नव्हे. पुण्याहून किंवा मुंबईहून जाणाऱ्या प्रवाशाने युरेल घ्यायचा. परंतु जर्मनीतील विद्यापीठात शिकणाऱ्या आणि तेथे रीतसर राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंटररेल घ्यावा लागतो. त्याला राहत्या देशात या पासावर मनसोक्त हिंडता येत नाही. तेथून बाहेर पडण्याचा एक आणि परतीचा एक, एवढ्याच प्रवासांना तो चालतो. दोन्ही पासांत मुख्य प्रकार दोन. एकात ठरावीक मुदतीत रोज प्रवासाची मुभा असते. दुसऱ्यात महिनाभरात चार, पाच किंवा सात, अथवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा प्रवासदिन मिळतात. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि साठीपुढील ज्येष्ठांना सवलत आहे. पालकांसोबत असलेल्या बारा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत.

मध्यमवर्गीय प्रवाशाला बहुतेक वेळा दुसरा प्रकार परवडतो. त्याचे गणित साधे आहे. सात प्रवासदिन मिळाले असतील तर ते सात लांबच्या पल्ल्यांसाठी राखून ठेवावेत. जवळच्या गावाला जाण्यासाठी सुटे तिकीट काढावे. तासाभराच्या अंतरासाठी पासाचा एक अख्खा दिवस खर्ची घालणे म्हणजे भाजीच्या पेंडीसाठी शंभराची नोट मोडून उरलेले पैसे दुकानदारालाच सोडून येण्यासारखे आहे. रात्रीच्या गाडीला, मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही तर, सुटण्याचा एकच दिवस धरला जातो, हेही लक्षात ठेवण्याजोगे. मात्र पास सर्वांत स्वस्त असतो, ही समजूत चुकीची आहे. तीन महिने आधी ठरावीक गाडीचे तिकीट काढणाऱ्याला ते पुष्कळदा पासापेक्षा कमी दरात मिळते. परंतु ते त्या गाडीशी जखडलेले असते. गाडी चुकली की पैसे गेले. पासाची जी जादा किंमत पडते, ती मनात आले तर गाडी बदलण्याच्या स्वातंत्र्याची. ते स्वातंत्र्य वापरायचे नसेल तर पास घेण्यात शहाणपण नाही.

आणि या स्वातंत्र्यालाच आज ठिकठिकाणी कात्री लागते आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, हॉलंड या देशांतील बहुसंख्य अंतर्गत गाड्यांत पासधारक आरक्षणाशिवाय बसू शकतो. फ्रान्सच्या, इटलीच्या आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांत मात्र आरक्षण सक्तीचे आहे आणि त्याचे पैसे निराळे. फ्रान्सच्या काही गाड्यांत पासधारकांसाठी मोजक्याच जागा राखलेल्या असतात. त्या संपल्या की गाडीत आसने रिकामी असली तरी पासधारक फलाटावर राहतो. त्यामुळे आखणीचा पहिला नियम असा की, सक्तीचे आरक्षण असलेले टप्पे प्रथम निश्चित करावेत आणि उरलेला प्रवास त्यांच्याभोवती गुंफावा. दुसरा नियम त्याहून मोलाचा : प्रत्येक वेगवान गाडीला बहुधा एखादा सावकाश पर्याय असतो, तो शोधावा.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडमधून इटलीत उतरणारा बेर्निना मार्ग. १९१० साली पुरा झालेला हा मीटरगेज मार्ग २२५३ मीटर उंचीवरची खिंड ओलांडून ४२९ मीटर उंचीवरच्या तिरानो या इटालियन गावी उतरतो, तोही दातेरी रुळांच्या मदतीशिवाय. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांमागे एक फूट. येथे तो सुमारे चौदा फुटांमागे एक फूट आहे. २००८ साली युनेस्कोने या मार्गाची जागतिक वारशात नोंद केली. मोठ्या काचांच्या खास पर्यटक गाडीने जायचे तर आरक्षण आणि जादा पैसे लागतात. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून स्थानिक लोकांची साधी गाडीही धावते; तिला आरक्षण लागत नाही, पास चालतो, आणि तिच्या खिडक्याही उघडता येतात. तिरानोहून मिलानपर्यंतची गाडीही साधीच. झुरिकहून गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मिलानला जाणारी थेट गाडी वेळ वाचवते. परंतु सीमेपलीकडे जाताना तिच्यात आरक्षण काढावेच लागते. वेळ वाचवायचा की पैसे, आणि डोंगराच्या पोटातून जायचे की माथ्यावरून, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. निर्णय करता येतो, हेच पासाचे मर्म आहे.

गाड्या बदलताना किती अवधी ठेवावा, हा तिसरा प्रश्न. येथे देशादेशांच्या कारभाराचे स्वभाव उघडे पडतात. स्वित्झर्लंडने १९८२ पासून ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक देशभर लागू केले. मोठ्या जंक्शनात चहूकडून गाड्या एकाच सुमारास येतात आणि पाच-सात मिनिटांत चहूकडे निघतात. तेथे सात मिनिटांचा अवधी निर्धास्तपणे धरता येतो. शिस्तीबद्दल जगभर नावाजलेल्या जर्मनीत मात्र २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि ही वेळेवरची व्याख्याही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करणारी. रुळांची आणि सिग्नलांची देखभाल वर्षानुवर्षे टाळण्याचे हे फळ आहे. उशिराने येणाऱ्या काही जर्मन गाड्या स्विस रेल्वे बाझलच्या पुढे येऊच देत नाही; आपल्या वेळापत्रकात तो उशीर झिरपू नये म्हणून तेथून स्वतःची गाडी सोडते. जकातीचा नाका उठला, पण बेशिस्तीवरचा नाका बसला, असे म्हणावयास हरकत नाही. जर्मनीतून जाणाऱ्याने प्रत्येक बदलासाठी निदान पाऊण तास हाती ठेवावा आणि दिवसातील शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नये.

सुटी तिकिटे काढणाऱ्याच्या तुलनेत पासधारकाची बाजू येथे भक्कम असते. दोन रेल्वेंची दोन निरनिराळी तिकिटे काढलेल्या प्रवाशाची पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचा वाली कोणी नसतो. युरोपीय संघाचे जून २०२३ पासून लागू झालेले प्रवासी हक्कांचे नियम तासाभराच्या उशिराला भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची आणि दोन तासांच्या उशिराला निम्म्या भाड्याची भरपाई देतात. परंतु अनेक रेल्वेंच्या सुट्या तिकिटांची साखळी तुटली तर त्यांचे संरक्षण अपुरे पडते. पासधारक पुढच्या गाडीत बसतो, आणि प्रश्न मिटतो. आरक्षणाची सक्ती जितकी वाढेल तितका हा लाभ आटत जाईल, हे उघड आहे.

भारतीय प्रवाशापुढे आणखी एक पेच आहे. पास स्वैर भ्रमणाचा, तर व्हिसा आखीव प्रवासाचा. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना मुक्कामांचा तपशील द्यावा लागतो, किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, आणि ज्या देशात सर्वाधिक काळ राहायचे त्याच्याच वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम सारखेच असतील तर प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहता येत नाही. त्याशिवाय पासाचा नकाशा आणि व्हिसाचा नकाशा एक नाही, हे विसरून चालत नाही. ब्रिटन, आयर्लंड, सर्बिया, तुर्कस्तान हे देश पासात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. एकदाच प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा घेऊन कोणी गाडीने सर्बियात गेला तर पास खिशात असूनही त्याला हंगेरीत परत येता येणार नाही. म्हणून आधी व्हिसा, मग मार्ग आणि त्यानंतर पास, हाच क्रम शहाणपणाचा. मराठी घरातील मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडली की हा क्रम त्यांना कोणी समजावून सांगत नाही. प्रवासी कंपन्यांना पास विकायचा असतो; नियम समजावण्यात त्यांना फारसा रस नसतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. युरोपातील आगगाडी सीमा ओलांडते तेव्हा तिला काय काय पार करावे लागते, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये तारांतून १५ हजार व्होल्टची वीज वाहते. फ्रान्समध्ये कोठे २५ हजार, कोठे दीड हजार. हॉलंडात दीड हजार. इटलीत आणि बेल्जियममध्ये मुख्यतः तीन हजार. सिग्नलच्या राष्ट्रीय पद्धती वीसहून अधिक. स्पेनच्या जुन्या रुळांतील अंतर १६६८ मिलिमीटर, तर फ्रान्समध्ये १४३५. बहुतेक देशांच्या भाषाही वेगळ्या. एवढ्या अडचणी असूनही बर्लिनहून प्राग, प्रागहून व्हिएन्ना, पॅरिसहून बार्सिलोना असा प्रवास थेट गाडीने घडतो. चाकांमधील अंतर बदलणारे डबे निघाले, अनेक प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिने निघाली. मनात आणले तर तंत्राच्या अडचणी सुटतात, एवढा याचा अर्थ.

मनात आणले नाही तर काय होते, याचीही साक्ष युरोपच देतो. माद्रिद आणि लिस्बन या शेजारी राजधान्या. त्यांना जोडणारी रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे थांबली आणि साथ ओसरल्यावरही ती पुन्हा सुरू झाली नाही. जर्मन रेल्वेने २०१६ च्या डिसेंबरात रात्रीच्या शयनयान गाड्या बंद केल्या. ऑस्ट्रियन रेल्वेने त्यांतील काही मार्ग उचलले म्हणून ती परंपरा जगली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर कर नाही, आणि काही देशांत सीमापार रेल्वे तिकिटावर मात्र मूल्यवर्धित कर आहे. पर्यावरणाच्या नावाने जे आगगाडीचे गुणगान करतात, त्यांनी या विसंगतीचे उत्तर द्यायला हवे. प्रत्येक राष्ट्रीय रेल्वे आपल्या फायद्याचे मार्ग सांभाळते आणि सीमेकडे जाणाऱ्या रुळांकडे पाठ फिरवते. जागांची माहिती आणि तिकीटविक्री सर्वांना समान अटींवर खुली करावी, पासधारकांसाठीच्या मर्यादित जागांचे धोरण सोडावे आणि चुकलेल्या गाडीची जबाबदारी संपूर्ण प्रवासावर धरावी, या तीन गोष्टी केल्याखेरीज एक तिकीट ही कल्पना कागदावरच राहील. त्यात भर म्हणून २०१५ नंतर अनेक देशांनी सीमांवर तपासणी पुन्हा आणली. जर्मनीने तर सप्टेंबर २०२४ मध्ये ती सर्व भूसीमांवर लागू केली. उठलेला नाका परत बसवायला एक सरकारी हुकूम पुरतो. तो उठवायला मात्र पिढ्या खर्ची पडतात.

हे सारे वाचून आपल्याकडील एखादा शिक्षक किंवा कारकून म्हणेल की, आम्हांला याचे काय? ज्याच्या पगारात दिवाळीला गावी जाणे जमवावे लागते, त्याने बर्न आणि बाझलचा विचार कशासाठी करावा? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. युरोपचा पास आपल्या समाजातील मोजक्यांच्याच आवाक्यात आहे. परंतु त्यामागील तत्त्व प्रत्येकाच्या विचारात घेण्याजोगे आहे, कारण आपल्याच उपखंडात त्याच्या नेमके उलटे घडलेले आहे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल मुंबईचा प्रवासी पेशावरपर्यंत नेत असे. फाळणीनंतर रूळ राहिले, गाड्या तुटल्या. अमृतसर आणि लाहोर यांच्यामधली समझोता एक्सप्रेस १९७६ साली सुरू झाली. राजस्थान आणि सिंध यांना जोडणारी थार एक्सप्रेस २००६ साली. दोन्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबल्या. कोलकाता आणि ढाका यांना जोडणारी मैत्री एक्सप्रेस २००८ साली निघाली आणि २०२४ च्या जुलैमध्ये तीही थांबली. येथे रुळांतील अंतर दोन्ही बाजूंना तेच, १६७६ मिलिमीटर. रेल्वेचे नियम एकाच वहीतून उतरलेले. भाषा तर अशा की, तिकीट तपासनीस आणि प्रवासी यांना दुभाषा लागू नये. युरोपात रूळ जुळत नसताना माणसे जुळवून घेतात; आपल्याकडे रूळ जुळलेले असून गाडी उभी आहे.

याला कारणे आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. २००७ साली पानिपतजवळ समझोता एक्सप्रेसमध्ये झालेल्या स्फोटांत माणसे होरपळून मेली, हे विसरता येत नाही. सीमेपलीकडून येणारा दहशतवाद ही कल्पना नव्हे, अनुभव आहे. भाबडेपणाने सीमा उघडा असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. परंतु इतिहासाकडे नीट पाहिले तर दिसते की, युरोपातही आधी मने जुळली आणि मग वेळापत्रके जुळली, असे झालेले नाही. शत्रुत्वाच्या काळातही रेल्वेचे अधिकारी वेळापत्रकाच्या बैठकीला बसत राहिले. डब्यांची देवघेव आणि पैशांचा हिशेब यांसारख्या रुक्ष कामांतून विश्वासाचा पाया घातला गेला. राजकारण्यांना पुढे त्यावर इमारत बांधता आली. असा रुक्ष व्यवहार तोडणे सोपे असते, पण तो तोडल्यावर उद्याच्या सलोख्यासाठी हाताशी काहीच उरत नाही.

युरोपीय संघ २०१८ पासून अठरा वर्षांच्या काही मुलामुलींना रेल्वेचे पास फुकट देतो. सरकारी उधळपट्टी म्हणून त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण ज्या मुलाने स्वतः वेळापत्रक वाचून चार देशांतून प्रवास आखला, गाडी चुकल्यावर परक्या स्थानकावर मोडक्यातोडक्या शब्दांत वाट विचारली, त्याला शेजाऱ्याविषयी भडक भाषणे सहजासहजी पटत नाहीत. आपल्या देशाचा नकाशाही पुष्कळ मोठा आहे, आणि त्यात शेजारच्या राज्याविषयीचे गैरसमजही कमी नाहीत. निरनिराळ्या विभागीय रेल्वेंतून जाणारे वर्तुळाकार प्रवासाचे एकच तिकीट आपल्या रेल्वेतही मिळते. ते काढून विद्यार्थ्यांना कन्याकुमारी किंवा गुवाहाटी दाखवणाऱ्या शाळा किती आहेत? युरोपचा पास न परवडणाऱ्या शिक्षकालाही हा प्रयोग करता येईल. शेजारी देशांकडे जाणाऱ्या गाड्या कधी सुटतील, हे दिल्लीत, ढाक्यात आणि इस्लामाबादेत ठरेल. तोवर ते रूळ उखडले जाणार नाहीत आणि नव्या पिढीच्या मनातून ते पुसले जाणार नाहीत, एवढी काळजी तरी आपण घ्यायलाच हवी.